गल्ल्यामागून

माणसांच्या आजारपणावर माझं घर चाललं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानावर दोन मुलांची शिक्षणं झाली, घराचं कर्ज फिटलं. पावसाळ्यात तापाची साथ आली की आमचा गल्ला वाढतो, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. तेव्हा भांडवलशाहीवर खटला भरायचा झाला तर मी आरोपीच्या पिंजऱ्याजवळची. मुख्य आरोपी म्हणून उभं करावं इतकी मोठी नाही, पण प्रेक्षकांत बसवावं इतकी लांबचीही नाही.

विषय काढला तो आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. एस.टी.तून निवृत्त झालेले, लाल बावट्याचे. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णांच्या सभांना सतरंज्या घालण्यापासून टोलविरोधी मोर्चापर्यंत सगळीकडे असायचे. अख्खी गल्ली त्यांना कॉम्रेड म्हणते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात आणि गोळ्यांबरोबर वाद घालूनच जातात. एकदा बिल हातात घेऊन म्हणाले, "वैनी, जगात जी माणसं औषधाबिगर मरत्यात, त्यांचा खून भांडवलशाहीनं केलाय. तुमी नुसती पावती फाडताय."

दुकानात गर्दी होती म्हणून हसून सोडून दिलं. पण वाक्य डोक्यात राहिलं, कारण ते पूर्ण खरंही नाही आणि खोटं म्हणून झटकताही येत नाही.

टाळता येणारा मृत्यू म्हणजे काय, हे औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. जुलाबानं पाणी कमी होऊन मूल जातं, तेव्हा त्याचा जीव वाचवणारं मीठ-साखरेचं पाकीट माझ्या बरणीत चॉकलेटच्या शेजारी असतं. बाळंतपणात रक्त थांबत नाही म्हणून बाई जाते. ते थांबवणारं इंजेक्शन जगातल्या स्वस्त इंजेक्शनांपैकी एक आहे. २०१८-२०च्या सरकारी आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ बायका दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. देश एक, औषध कंपन्या त्याच, छापील किंमत तीच. मग हा फरक कुठून आला? कॉम्रेडना मी पहिल्यांदा हेच विचारलं. ते म्हणाले, "केरळात कोण होतं राज्याला, बगा की." मी म्हटलं, महाराष्ट्राचा आकडा खाली आला तेव्हा इथं काही लाल बावटा नव्हता.

'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली एक मोठा अभ्यास आला होता. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १३७ देशांत, वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर वाचली असती अशी सुमारे ८६ लाख माणसं वर्षाला मरतात, असा त्याचा हिशेब. त्यात भारताचा वाटा सुमारे २४ लाख. इथवर वाचून आपण मान हलवतो आणि पान उलटतो. पण पुढचं वाक्य जास्त बोचणारं आहे. या २४ लाखांतली आठ लाखांच्या वर माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, आणि तब्बल १६ लाख पोचूनही मेली. दार उघडं होतं, केसपेपर निघाला होता, सलाईन लागलं होतं. उपचार चुकीचा, अपुरा किंवा उशिरा झाला.

म्हणजे 'पैसे नव्हते म्हणून मेला' ही गोष्ट खरी असली तरी निम्म्याहूनही कमी. उरलेली गोष्ट मला माझ्या धंद्याच्या अगदी मुळाशी घेऊन जाते.

मी डी.फार्म.ला होते तेव्हाची, १९८६ सालची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वर्षाच्या सुरुवातीला काही रुग्णांना ग्लिसरॉल दिलं गेलं. मेंदूवरचा, डोळ्यातला दाब उतरवायला ते देतात. साधं, जुनं औषध. एकेकाची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं गेली, चौदा जण दगावले. बाटलीत ग्लिसरॉलबरोबर डायइथिलीन ग्लायकॉल होतं. आमचे सर वर्गात वर्तमानपत्र घेऊन आले आणि त्या दिवशी शिकवलंच नाही. एकेकाला विचारत राहिले, की ही बाटली कारखान्यापासून खाटेपर्यंत किती हातांतून गेली असेल, सांगा. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं तेच केलं, हात मोजले. कारखान्यात वापरायच्या प्रतीचं ग्लिसरॉल औषध म्हणून विकणारे व्यापारी, ते घेणारं रुग्णालय, तपासणीची जबाबदारी असलेलं अन्न व औषध प्रशासन, वरचे मंत्री, कुणालाच आयोगानं सोडलं नाही. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

हे डायइथिलीन ग्लायकॉल जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण भांडवलशाहीचा सगळा वाद या एका द्रवात विरघळलेला सापडतो. दिसायला पाण्यासारखं, हाताला दाट, चवीला गोडसर. गाडीच्या कूलंटमध्ये, रंगाच्या, प्लास्टिकच्या कारखान्यात चालतं. खोकल्याच्या औषधात पावडर विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागतं. औषधी प्रतीचं महाग, कारखानी प्रतीचं स्वस्त, आणि स्वस्तातल्या पिंपात हे विष असू शकतं. डोळ्यांनी, नाकानं, जिभेनं फरक कळत नाही, फक्त प्रयोगशाळेत कळतो. चाचणी काही अवघड नाही. प्रत्येक पिंपाची करावी असा दंडक आहे, आणि ०.१ टक्क्यापेक्षा जास्त सापडलं तर पिंप परत. चाचणीला वेळ लागतो, पैसा लागतो. ती न करता कागदावर 'केली' असं लिहायला काहीच लागत नाही.

अमेरिकेत हे १९३७ सालीच घडून गेलं होतं. एका कंपनीनं सल्फा औषध याच द्रवात विरघळवून रास्पबेरीच्या चवीचं विकलं, शंभरावर माणसं मेली, त्यात पुष्कळ लहान मुलं. विकण्याआधी औषध विषारी आहे की नाही हे तपासण्याची सक्ती त्या देशाच्या कायद्यात नव्हतीच. कंपनीवर कारवाई झाली ती कशाबद्दल? बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं होतं आणि आत अल्कोहोल नव्हतं, म्हणून. शंभर जिवांचा गुन्हा लेबलावरच्या एका शब्दावर निघाला. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात भांडवलाला लगाम घातला गेला, आणि कंपन्या बुडाल्या नाहीत; उलट नंतरच तिथला औषधधंदा जगभर पसरला.

आपल्याकडे? २०२२मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली आणि हरियाणातल्या एका कंपनीच्या चार औषधांत हेच द्रव सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला. २०२५च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. साध्या सर्दी-खोकल्याला दिलेलं 'कोल्ड्रिफ' घेऊन वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत शेवटच्या अवस्थेत आणलेली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनं त्या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मोजलं ते ४८.६ टक्के. चालतं ०.१, होतं ४८.६. ही भेसळ म्हणायची की बाटलीभर विषात थोडं औषध?

त्या आठवड्यात अन्न व औषध प्रशासनाचा बॅच नंबरासह इशारा आला, आणि आम्ही सगळी फडताळं रिकामी करून एकेक बाटली उजेडात धरून बघितली. तो माल कधी मागवलेलाच नव्हता, तरी बघितली. आया दारात येऊन आधीच नेलेल्या बाटल्या दाखवत होत्या. "ताई, हे बरं हाय न्हवं?" मी बॅच नंबर बघून 'हो' म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे त्या 'हो'ला आधार एका कागदापलीकडे काहीही नव्हता. माझ्या दुकानात प्रयोगशाळा नाही. कुठल्याच दुकानात नसते.

कॉम्रेडना हा प्रसंग म्हणजे आयता पुरावा वाटला. नफ्यासाठी पोरं मारली, संपलं. मी त्यांना पनामाची गोष्ट सांगितली. २००६ साली तिथंही याच विषानं शंभरावर माणसं गेली. ते खोकल्याचं औषध बनवलं होतं कुणी? सरकारी सामाजिक सुरक्षा खात्याच्या स्वतःच्या कारखान्यानं. नफ्याचा प्रश्नच नव्हता. ग्लिसरीन म्हणून आलेली पिंपं मात्र चीनमधल्या एका कारखान्यातून निघून दलालांच्या हातांतून फिरत आली होती, आणि वाटेत कागदं बदलत गेली. म्हणजे साखळीच्या एका टोकाला हाव आणि दुसऱ्या टोकाला सरकारी 'चालतंय की'. माणूस मेला तो दोन्ही टोकं जुळल्यामुळे. जे. जे.मध्येही तसंच घडलं होतं. हाव सगळीकडे असते, मी ती रोज आरशात बघते; पण ती एकटी इतकी माणसं मारू शकत नाही. तिला झोपलेला इन्स्पेक्टर लागतो.

आता किमतीचं बोलू. तिथं मात्र मी भांडवलशाहीची वकिली करणार नाही.

पित्तावरची एक कॅप्सूल घ्या, पॅन्टॉप्रॅझोल आणि डोमपेरिडोनची. मोठ्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी ती डॉक्टरला दाखवतो, डॉक्टर लिहितात, माझ्याकडे वीस टक्के मार्जिन सुटतं. हेच घटक असलेली दुसरी पट्टी लक्ष्मीपुरीतला ठोकवाला मला दहा-बारा रुपयांना देतो आणि तिच्यावरची छापील किंमत शंभराच्या पुढे असते. कायद्यानं मी ती शंभराला विकू शकते. काही विकतात, काही 'मावशी, तुमच्यासाठी पन्नास टक्के सूट' म्हणून पन्नासला विकून पुण्य पदरात पाडून घेतात. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदार देवमाणूस. कंपनीला ग्राहक कोण, तर पेशंट नव्हे, मी. माझा फायदा जास्त दाखवला की माल खपतो, म्हणून छापील किंमत फुगवायची. स्वस्तात स्वस्त विकण्याची चढाओढ लागून भाव पडतील असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. औषधात चढाओढ लागते ती भाव चढवण्याची. कारण औषध घेणारा ते निवडत नाही, निवडणारा पैसे देत नाही, आणि आजारी माणूस घासाघीस करत नाही.

सरकारनं हात घातला की काय होतं, तेही बघितलंय. १९९५च्या किंमत नियंत्रण आदेशात उत्पादनखर्चावर भाव ठरायचे. २०१३मध्ये पद्धत बदलली: बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे, ती कमाल किंमत. म्हणजे फुगलेल्या किमतींचीच सरासरी. हा लगाम कमी आणि माळ जास्त. पण २०१७च्या फेब्रुवारीत हृदयातल्या स्टेंटचा भाव बांधला तेव्हा खरी कळ कुठं आहे ते दिसलं. औषध लावलेला स्टेंट सरासरी एक लाख एकवीस हजारांना पडायचा, तो २९,६००वर आला, साधा ७,२६०वर. कंपन्यांनी कुरकुर केली, एक-दोघांनी काही माल परत नेऊ का म्हणून विचारलं. अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत. तो वरचा लाखभर रुपया स्टेंटच्या धातूत कधीच नव्हता, वाटेतल्या हातांत होता.

वाटेतल्या हातांबद्दल महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जे केलं ते फार थोड्यांना जमतं. एका तपासणी केंद्राकडून पेशंट पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा चेक आला, तो त्यांनी खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. 'कट' हा शब्द आमच्या धंद्यात दबक्या आवाजात बोलतात; त्यांनी तो चव्हाट्यावर आणला. पण बावस्करांचं खरं मोठं काम वेगळं, आणि या लेखाला जास्त लागू पडणारं. कोकणात लाल विंचू चावला की शंभरातले तीस-चाळीस पेशंट जायचे, त्यात पोरंच जास्त. त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी या पेशंटांना देऊन बघितली, नोंदी ठेवल्या, 'लॅन्सेट'ला पाठवल्या. मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. गोळी जुनी, स्वस्त, बाजारात पडलेली. ती विंचवावर चालते का हे तपासायला जगातली एकही कंपनी पैसे घालणार नव्हती, कारण विंचू चावतो तो भातखाचरात अनवाणी फिरणाऱ्याला, आणि त्याच्याकडून मिळणार काय?

सापाचंही तेच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, बहुतेक पावसाळ्यात, बहुतेक घरी. आफ्रिकेत वापरली जाणारी एक चांगली लस एका फ्रेंच कंपनीनं २०१४मध्ये बनवणं थांबवलं, परवडत नाही म्हणून. शेवटची बॅच २०१६त मुदतबाह्य झाली. इथं मला कॉम्रेडपुढे हात टेकावे लागतात. कुणी विष घातलं नाही, कुणी लाच खाल्ली नाही, कायदाही मोडला नाही. ताळेबंद बघितला आणि यंत्र बंद केलं. त्यानंतर आफ्रिकेतल्या कुठल्या खेड्यात कोण मेलं, याचा खटला कुठल्याच कोर्टात उभा राहत नाही.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरची लस बनते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरी गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्या-वस्त्यांवरून माणूस आधी भगताकडे जातो, मग आरोग्य केंद्रात. तिथल्या डॉक्टरला लसीची रिअ‍ॅक्शन येईल ही भीती, म्हणून 'कोल्हापूरला न्या'. घाटातून तास-दीड तास. मण्यार चावलेल्याचा श्वास तेवढा वेळ टिकत नाही. यात भांडवल कुठे आलं?

पण थांबा, भांडवलाच्या बाजूनंही साक्षीदार आहेत, आणि ते आपल्या मातीतलेच. १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर मक्तेदारी मिळणं बंद झालं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायची. त्या मोकळ्या रानात मुंबईची सिप्ला वाढली. २००१ साली सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एड्सवरचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ असं जाहीर केलं, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत लाखो माणसं यानंतर जगली. हमीद काही साधू नव्हते, कारखानदार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मेंदूज्वराची एक लस आफ्रिकेसाठी अर्ध्या डॉलरच्या आत बनवून दिली; २०१०पासून ती टोचली गेली आणि त्या प्रकारच्या साथी जवळपास थांबल्या. नफा होताच. रेटा मात्र बाहेरचा होता, मागणी ठरवली ती जागतिक आरोग्य संघटनेनं आणि तिच्याबरोबरच्या संस्थांनी.

२००५मध्ये जागतिक व्यापार करारापायी तो पेटंट कायदा बदलावा लागला. तेव्हा घातलेलं एक कलम, ३(घ), मला पाठ आहे: जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागता येणार नाही. याच कायद्याच्या आधारानं मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले लढल्या. दोघी टी.बी.तून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती टी.बी.च्या औषधांनी नेलेली. बेडाक्विलिन या नव्या गोळीची मक्तेदारी २०२७पर्यंत लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज त्यांच्या हरकतीनंतर मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं फेटाळला. जगातल्या टी.बी.च्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. ऐकू न येणाऱ्या दोन मुलींनी जे केलं, त्याला कॉम्रेड क्रांती म्हणत नाहीत. मी म्हणते.

आमचा सगळ्यात मोठा वाद झाला तो दुष्काळावरून. कॉम्रेडनी १८७६-७७ काढला. त्यात ते बरोबर होते. दख्खनेत माणसं उपाशी मरत असताना धान्याच्या बाजारात ढवळाढवळ करायची नाही, हे व्हाइसरॉय लिटनच्या सरकारचं धोरण होतं. त्या सरकारच्या रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य रोजी एक पौंडावर आणलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध चक्क संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. दक्षिण आणि पश्चिम भारतात पन्नास लाखांवर माणसं गेली, आणि धान्य जहाजांतून परदेशी जात राहिलं. व्यापाराच्या स्वातंत्र्यासाठी इतकी माणसं मारल्याचं दुसरं उदाहरण शोधायला लांब जावं लागेल.

वीस वर्षांनी, १८९६-९७ला, पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी बरोबर उलट केलं. बाजारात हात घातला, स्वस्त धान्याची दुकानं काढली, कामावर आलेल्या बायकांच्या तान्ह्या पोरांसाठी सांभाळण्याची सोय केली. महाराज काही समाजवादी नव्हते, संस्थानिक होते. म्हणजे राजानं ते केलं जे 'प्रगत' साम्राज्यानं नाकारलं.

मी मग चीन काढला. १९५९ ते ६१, माओंचं राज्य, बाजारच शिल्लक नव्हता. मेलेल्यांचा आकडा किमान दीड कोटी, पुष्कळ अभ्यासकांच्या मते तीन कोटींच्या आसपास. कॉम्रेड गप्प बसले, आणि मग त्यांनी अमर्त्य सेनांचं नाव घेऊन मला गप्प केलं. सेन आणि ज्याँ द्रेझ यांनीच दाखवलंय, की दुष्काळाचं ते भयंकर पर्व सोडलं तर चीननं रोजच्या आयुष्यात मृत्यू भारतापेक्षा झपाट्यानं कमी केले, आणि भारतात दर आठ वर्षांत गाजावाजा न होता तेवढी जास्तीची माणसं मरत राहिली. आमच्याकडे वर्तमानपत्रं होती, निवडणुका होत्या, म्हणून उपासमारीचा डोंब उसळला की सरकार धावायचं; पण कुपोषण, जुलाब, बाळंतपण असं हळूहळू मरणं कुणाच्या मथळ्यात बसत नव्हतं.

१९७२चा दुष्काळ मला अंधुक आठवतो. आई लाल मिलोची भाकरी थापायची, ती तव्यावर फुटायची. मामाच्या गावाला दुष्काळी कामावर पोरांना सुकडी मिळायची आणि आम्हाला ती खाऊ वाटायची. त्या दुष्काळातला एक आकडा मला मोठेपणी कळला: १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. धान्य इतकं कमी पिकलेल्या राज्यात उपासमारीचे मृत्यू फारच थोडे झाले. वि. स. पागे यांची रोजगार हमी पुढे १९७७च्या कायद्यात आली. आणि तिला पैसा कुठून आला? १९७५च्या व्यवसाय करातून. वकील, डॉक्टर, नोकरदार, दुकानदार यांच्या कमाईतून. आजही वर्षाला माझे २,५०० रुपये त्या कराचे जातात. सी.ए. यादी पाठवतो तेव्हा मी नेहमी कुरकुरते. पण कॉम्रेडना मी ठणकावून सांगितलं, की तुमच्या सभांनी जेवढी माणसं वाचवली त्याहून जास्त या कंटाळवाण्या कराच्या चलनानं वाचवली. नफा होऊ द्यायचा, मग त्यातला हिस्सा काढून घ्यायचा आणि खडी फोडायच्या कामावर, मजुराच्या हातात द्यायचा. ते म्हणाले, "हिस्सा काढून घ्यायला रस्त्यावर कोण उतरलं होतं, ते पण सांगा की." तेही खरं.

आता इचलकरंजी. २०१२ साली तिथं काविळीची मोठी साथ आली. पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस-ई. माणसं गेली, त्यात पोटुश्या बायकांना धोका सगळ्यात जास्त. यात आरोपी कोण? कापड रंगवणारे प्रोसेसवाले खाजगी भांडवलाचे, मान्य. पण काविळीचा विषाणू रंगात नसतो, मैल्यात असतो. इचलकरंजीच्या वरच्या अंगाला पंचगंगेत कोल्हापूर शहराचं सांडपाणी जातं, म्हणजे तुमचं, माझं आणि कॉम्रेडचं. मळी सोडल्याच्या तक्रारी होतात ते साखर कारखाने बहुतेक सहकारी, शेतकऱ्यांच्या मालकीचे. आणि पाण्याच्या पाईपलाईनी तेव्हाच्या नगरपालिकेच्या. नदी एकच आणि तिच्या काठावर खाजगी, सहकारी, सरकारी, तिन्ही अर्थव्यवस्था रांगेनं बसल्या आहेत. कॉम्रेडच्या खटल्यात या रांगेसाठी कलमच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की भांडवलशाही निर्दोष सुटत नाही. सापाच्या लसीचं यंत्र तिनं बंद केलं, स्टेंटवरचा लाखभर तिनं खाल्ला. पण आरोपपत्रात ती एकटी असेल तर खटला पडतो. दुसरं नाव सरकारचं आहे, आणि ते लिहिलं तर पुढची मागणी नेमकी करता येते. २०२१-२२ला केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के खर्च केले. २०१७च्या धोरणात २०२५पर्यंत २.५ टक्के करू असं म्हटलं होतं. २०२१-२२ला आरोग्यावरच्या एकूण खर्चातले शंभरातले ३९ रुपये माणसांनी स्वतःच्या खिशातून भरले. त्यातले बरेचसे माझ्यासारख्यांच्या गल्ल्यात.

शेवटी कॉम्रेडनीच सुचवलं, की माहितीच्या अधिकारात अर्ज करू. त्यांना हवा होता पंचगंगेत कुणी किती सोडलं याचा हिशेब. मला हवी होती जिल्ह्यात ड्रग इन्स्पेक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या वर्षात खोकल्याच्या औषधाचे किती नमुने प्रयोगशाळेत गेले, ही माहिती. आधी कुठला अर्ज, यावर पुन्हा वाजलं. दोन अर्ज करायचे ठरले. दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प त्यांनीच आणले, आणि माझ्याकडून वीस रुपये रोख मोजून घेतले.